मिरगीचा रुग्ण झोपेत गेला: दाखल्यावर काय लिहायचं, नोंद कुठे ठेवायची?

प्रश्न थोडक्यात: नागपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलं आहे. २४ वर्षांचा मुलगा, लहानपणापासून मिरगी, गोळ्या चालू, तरी अधूनमधून झटके येत. रात्री जेवून झोपला आणि सकाळी पालथा, थंड पडलेला सापडला. घरच्यांना पीएम (शवविच्छेदन) नको होतं. गावातल्या डॉक्टरांनी 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू' असं लिहून दिलं आणि दुपारी अंत्यविधी उरकला. दाखल्यावर खरं काय लिहायला हवं होतं? अशा मृत्यूंची नोंद आपल्या पातळीवर कशी ठेवायची? आणि यादीतल्या बाकी रुग्णांवर लक्ष कसं ठेवायचं?

उत्तर:

तुम्ही सांगितलं त्यावरून हा मृत्यू बहुधा सुडेप, म्हणजे मिरगीतला अचानक अनपेक्षित मृत्यू, आहे. मिरगी असलेला माणूस, एरवी बऱ्या तब्येतीत असताना, अचानक आणि ध्यानीमनी नसताना जातो. मार लागलेला नसतो, बुडालेला नसतो, बराच वेळ न थांबणारी फिट नसते आणि पीएम केलं तर शरीरात किंवा व्हिसेऱ्यात (तपासणीला पाठवलेल्या अवयवांच्या नमुन्यांत) मृत्यूचं दुसरं कारण सापडत नाही. जाण्याआधी झटका आल्याची खूण दिसो वा न दिसो, त्याने फरक पडत नाही. लीना नशेफ यांनी ही व्याख्या १९९७ मध्ये मांडली आणि २०१२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी ती नीट बांधून दिली. सलग ३० मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली फिट, म्हणजे स्टेटस, त्यात धरत नाहीत.

त्या २०१२ च्या मांडणीत तुमच्या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. पीएम झालं आणि दुसरं कारण मिळालं नाही, तर 'निश्चित'. बाकी सगळं जुळतं पण पीएमच झालं नाही, तर 'संभाव्य'. मृत्यूचं दुसरं कारणही तितकंच दारात उभं आहे, उदाहरणार्थ त्या रात्री भरपूर दारू झाली होती, तर 'शक्य'. दुसरा आजार होता पण मृत्यू त्यानेच आला असं म्हणता येत नाही, अशांना 'प्लस' जोडतात. तुमचा रुग्ण 'संभाव्य' मध्ये बसतो. आपल्याकडे बहुतेक केसेस तिथेच बसतील आणि त्याचा कमीपणा वाटून घेऊ नका. 'निश्चित' नाही म्हणून नोंदच करायची नाही, हा आळस मात्र आपल्याकडे फार आहे.

घडतं काय, तेही दोन ओळींत सांगतो, कारण घरचे विचारणारच. जगभरच्या व्हिडिओ-ईईजी कक्षांमध्ये (जिथे रुग्णाचं चित्रण आणि मेंदूच्या लहरींचा आलेख एकत्र घेतात) तपासणी चालू असतानाच झालेले मृत्यू गोळा करून २०१३ मध्ये फिलिप रिव्हलिन आणि सहकाऱ्यांनी मॉर्टेमस नावाचा अभ्यास छापला. त्यात सुडेपच्या १६ केसेस होत्या, त्यांतल्या १४ रात्रीच्या. ज्यांचे हृदयाचे आणि श्वासाचे आलेख मिळाले, त्यांत क्रम सारखाच होता. सर्वांगी झटका येतो, तो थांबतो, थोडा वेळ श्वास जोरात चालतो, मग मेंदूची लहर सपाट होते आणि श्वास व ठोके दोन्ही ढासळतात. शेवटचा श्वास झटका थांबल्यापासून ११ मिनिटांच्या आत थांबला होता आणि हृदय त्याच्यानंतर थांबलं होतं. म्हणून 'हृदयक्रिया बंद पडून' हे वाक्य या मृत्यूबद्दल काहीच सांगत नाही. हृदय सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं.

दाखल्याचं

मृत्यूच्या कारणाचे दोन नमुने आहेत. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४-अ. शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले, त्या डॉक्टरने तो भरायचा असतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे, आणि आता कारणाच्या दाखल्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी लागते. ही प्रत आपल्या कामाची आहे, तिच्याबद्दल पुढे बोलतो.

नमुन्याच्या पहिल्या भागात तीन ओळी असतात: लगेचचं कारण, त्यामागचं कारण आणि मुळाशी असलेलं कारण. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी. मरण्याची रीत लिहू नका, अशी सूचना प्रशिक्षणात दरवेळी दिली जाते. तरी 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' हे दोन शब्द आपल्या हाताला इतके सवयीचे झाले आहेत की पेन आपोआप तिकडेच वळतं. तुमच्या रुग्णाचा ४-अ मी असा भरला असता:

पहिली ओळ: मिरगीतील अचानक अनपेक्षित मृत्यू (सुडेप), संभाव्य, शवविच्छेदन झालेले नाही. कालावधी: नक्की अज्ञात, रात्री झोपल्यानंतर.
दुसरी ओळ: सर्वांगी झटक्यांची मिरगी, झटके पूर्ण आटोक्यात नसलेली. कालावधी: जितकी वर्षं फाइलमध्ये आहेत तितकी.
तिसरी ओळ: मिरगीचं कारण माहीत असेल तर तेच. लहानपणीचा मेंदूज्वर, डोक्याला जुना मार, मेंदूतल्या सिस्टिसर्कोसिसची (फीतकृमीच्या अळीची) गाठ. माहीत नसेल तर ओळ कोरी सोडा, अंदाज लिहू नका.
दुसरा भाग: गेल्या आठवड्यात गोळ्या चुकल्या असल्याचं नक्की कळलं असेल, किंवा दारूचं, तर ते.

सुडेपचं लघुरूप एकटं लिहू नका, पूर्ण नाव लिहा. पुढे कारणाला आकडा देणारा माणूस डॉक्टर असेलच असं नाही. 'एपिलेप्सी' हा शब्द त्याला दिसला की तो मृत्यू आयसीडी-१० च्या, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय आकडे-यादीच्या, जी ४० मध्ये जातो. 'हृदयक्रिया बंद' दिसलं की तो आय ४६ मध्ये, म्हणजे हृदयाच्या खात्यात, आणि नुसतं 'अचानक मृत्यू' लिहिलं तर आर ९६ मध्ये. सुडेपला स्वतःचा आकडा नाही, म्हणून राज्याच्या तक्त्यात तो वेगळा दिसणारच नाही. पण निदान मिरगीच्या खात्यात तरी जावा.

मुळात असा दाखला द्यावा की नाही, हाही प्रश्न आहे. रुग्ण तुमच्या उपचाराखाली होता, मिरगी कागदावर सिद्ध आहे, अंगावर काही संशयास्पद नाही, खोलीत विषाची बाटली वगैरे नाही, तर तुम्ही ४-अ भरू शकता. ज्याने त्याला कधी तपासलंच नाही, त्या डॉक्टरने केवळ घरच्यांच्या आग्रहाखातर लिहून देणं योग्य नाही. कारणाबद्दल शंका असेल तर पोलिसांना कळवायचंच. जुलै २०२४ पासून त्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ कलम लागतं, पूर्वीचं सीआरपीसी १७४. आपल्याकडे ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो आणि प्रकरण पीएमकडे जातं. तरण्याताठ्या मुलाचा मृत्यू असेल तर मी स्वतः पीएमच्याच बाजूने असतो, कारण विष, गळा दाबणं किंवा हृदयाचा आजार हे सगळं डोळ्यांनी वगळता येत नाही.

आणि पीएम होणार असेल तर एक गोष्ट नक्की करा. पोलिसांबरोबर फॉरेन्सिकच्या डॉक्टरांना एक पानी पत्र पाठवा. नागपूरच्या मेडिकलला असो की मेयोला (दोन्ही सरकारी रुग्णालयं), पीएम टेबलावरच्या डॉक्टरसमोर फक्त पोलिसांचा कागद असतो आणि त्यावर 'घरी मृतावस्थेत आढळला' इतकंच. मिरगीचा इतिहास, झटक्यांचा प्रकार, कोणत्या गोळ्या किती डोसने, हे तुम्हीच सांगायचं असतं. सोबत विनंती लिहा: जिभेच्या कडांवर चावल्याच्या खुणा पाहाव्यात, फुफ्फुसांचं वजन नोंदवावं, हृदयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली जावेत, मेंदू कापताना जुना व्रण किंवा गाठ शोधावी, व्हिसेऱ्यात विषाबरोबर मिरगीच्या औषधांचीही तपासणी व्हावी. सुडेपमध्ये फुफ्फुसं जड आणि पाण्याने भरलेली सापडतात, पण ती खूण एकट्या सुडेपची नव्हे. पत्र नसेल तर अहवालावर 'मत राखून ठेवले' असं येतं, व्हिसेरा प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, काही काळाने 'विष आढळले नाही' असा कागद येतो आणि फाइल तिथेच बंद होते. औषधाची पातळी कमी आली म्हणून 'गोळ्या घेतच नव्हता' असा निष्कर्ष मात्र काढू देऊ नका. मृत्यूनंतर रक्तातली काही औषधं आपसूकच कमी होतात.

नोंद: कुठे आणि कोणी

इथे माझं मत जरा ठाम आहे. मृत्यूच्या दाखल्यांमधून सुडेप शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. एक तर देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले थोडेच असतात. २०२० च्या सरकारी अहवालात हे प्रमाण २२.५ टक्के होतं. दुसरं, महापालिकेच्या झोन कार्यालयातून किंवा ग्रामपंचायतीतून घरच्यांना जे मृत्यू प्रमाणपत्र मिळतं, त्यावर कारण छापलेलंच नसतं. कायद्याच्या १७ व्या कलमाने ते उघड करायला मनाई आहे. रुग्णाचा भाऊ ते प्रमाणपत्र घेऊन तुमच्या ओपीडीत आला तरी तुम्हाला फक्त तारीख कळेल. म्हणून त्याच्याकडे ४-अ ची प्रत मागा. २०२३ नंतरच्या मृत्यूंमध्ये ती घरात असायला हवी.

म्हणून नोंदीची सुरुवात जिवंत रुग्णांच्या वहीपासून करायची. तुमच्या केंद्रातल्या मिरगीच्या प्रत्येक रुग्णाचं नाव, वय, गाव, दोन फोन नंबर, झटक्यांचा प्रकार, गेल्या वर्षात सर्वांगी झटके किती आणि त्यातले झोपेतले किती, गोळ्या, आणि रात्री खोलीत कोण झोपतं. मग महिन्यातून एक दुपार ठरवून, तीन महिन्यांत जे आलेच नाहीत त्यांची यादी काढायची आणि एकेकाला फोन लावायचा. आपण त्यांच्या नावापुढे 'अनियमित' लिहून मोकळे होतो. त्यातले काही कामासाठी सुरत-पुण्याला गेलेले असतात, काहींनी दुसरा डॉक्टर धरलेला असतो, काही बाबांच्या भरवशावर गोळ्या सोडून बसलेले असतात, आणि काही गेलेले असतात. सुडेपची गणती याच रिकाम्या रकान्यांत अडकलेली आहे.

नागपुरात हे आणखी अवघड आहे. इथल्या ओपीडीत भंडारा, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळबरोबर छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचेही रुग्ण येतात. मृत्यू झाला तर नोंद दुसऱ्या राज्यात होते. कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं. नंबर रिचार्ज संपला की बदलतो. म्हणून दुसरा नंबर शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा घ्या, घरातल्याच दुसऱ्या माणसाचा नको; घरातले दोन्ही फोन एकदमच बंद पडतात. प्राथमिक केंद्राला इथे मोठ्या दवाखान्यांपेक्षा फायदा आहे. गावात कोण गेलं हे आशाताईंना त्याच दिवशी कळतं आणि ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायची असते. महिन्याच्या बैठकीत ग्रामसेवकाकडून मृत्यूंची यादी घ्या आणि तुमच्या वहीशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

फोनवर कळतं ते असं: "साहेब, तो तर गेला जी. पोळ्याच्या चार दिवस आधी." तारीख अशीच येते, सणाच्या हिशोबाने. ती तशीच लिहून घ्या आणि कॅलेंडरवर नंतर बसवा. त्या फोनवर फार विचारू नका. दुःख व्यक्त करा, तेरवी झाल्यावर भेटायला येतो म्हणा, आणि एकच विनंती करा: त्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या, फाइल, जुने रिपोर्ट फेकू नका. तेरवीच्या साफसफाईत ते सगळं जातं.

भेटीत प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला प्रश्न 'गोळ्या घेत होता का' हा असला की समोरची आई तो आरोप म्हणून ऐकते आणि पुढची सगळी उत्तरं 'हो जी, रोज घेत होता' अशी येतात. सुरुवात शेवटच्या संध्याकाळपासून करा. काय जेवला, कोणाशी बोलला, किती वाजता झोपला, झोप आदल्या दिवसांत पुरत होती का. मग खोली. गादी जमिनीवर की पलंगावर, उशी होती का, कोण सोबत होतं, दार आतून बंद होतं का. मग सापडला तेव्हाचं: पालथा की कुशीवर, तोंड उशीत होतं का, चादर विस्कटलेली, अंथरूण ओलं, जीभ चावलेली, तोंडाला फेस. अंग कडक झालं होतं का, यावरून वेळेचा अंदाज येतो. शेवटचं कोणी जिवंत पाहिलं आणि केव्हा. हे सगळं झालं की गोळ्यांवर या, आणि तेव्हाही पट्टी हातात घेऊन उरलेल्या गोळ्या मोजा. शेवटची पट्टी कोणत्या तारखेला मिळाली ते तुमच्या औषधवाटपाच्या नोंदीत आहेच. वजाबाकी केली की कोणाला न दुखवता उत्तर मिळतं.

वहीत फक्त सुडेप लिहू नका. मिरगीच्या रुग्णाचा प्रत्येक मृत्यू लिहा. आपल्याकडे विहिरीत, तलावात, नाल्यावर कपडे धुताना, चुलीपाशी, रस्त्यावर झटका येऊन जाणारे बरेच असतात. ते सुडेपच्या व्याख्येत बसत नाहीत, पण टाळता येण्यासारखे तेच सर्वांत जास्त आहेत. आत्महत्याही लिहा. आणि ज्यांना श्वास थांबल्यावर छाती दाबून परत आणलं आणि जे नंतर तासाभरापेक्षा जास्त जगले, त्यांचाही वेगळा रकाना ठेवा.

मृत्यूंची संख्या एकटी काही सांगत नाही, तिच्याखाली भाजक लागतो. ५०० रुग्ण वर्षभर तुमच्या नजरेखाली राहिले तर ती ५०० माणूस-वर्षं. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी आणि एपिलेप्सीच्या संघटनांनी २०१७ मध्ये सगळे चांगले अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा: मिरगी असलेल्या मोठ्या माणसांत वर्षाला साधारण १,००० मागे १, मुलांत ४,५०० मागे १. हे आकडे बहुतांशी तिकडचे. आपल्याकडे गोळ्या न मिळणारे, न घेणारे जास्त, म्हणून आपला दर कमी असण्याचं मला तरी काही कारण दिसत नाही.

जिल्ह्याचा अंदाज करून बघा. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६.५ लाख. बंगळुरूच्या मोठ्या घरोघरी पाहणीत मिरगीचं प्रमाण हजारी ८.८ आलं होतं, गावात ११.९ आणि शहरात ५.७. मधला आकडा धरला तर जिल्ह्यात ४० हजारांच्या आसपास रुग्ण. त्यांत मुलं वेगळी धरली तरी वर्षाला तीसेक सुडेप व्हायला हवेत. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टला विचारा, गेल्या वर्षी किती ऐकले? उत्तर एका हाताच्या बोटांवर संपेल. मधले कुठे गेले, तर ते 'हृदयक्रिया बंद' मध्ये.

उत्तर अमेरिकेत सुडेपची नोंदवही २०११ पासून आहे, ब्रिटनमध्ये मिरगीतल्या मृत्यूंची नोंदवही २०१३ पासून, आणि दोन्हीकडे माहिती बरीचशी घरच्यांनी स्वतःहून दिलेली आहे. आपण तेवढं थांबायचं कारण नाही. तालुक्याच्या पातळीवर चार-पाच केंद्रांनी एकसारखे रकाने ठेवले, नावं काढून आकडेच पुढे पाठवले, तर दोन-तीन वर्षांत काही बोलता येईल. छापायचा विचार असेल तर आधी नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या. नंतर मागितलेली परवानगी मिळत नाही.

जिवंत आहेत त्यांचं

यात मला एकच आकडा सगळ्यांत कामाचा वाटतो: गेल्या १२ महिन्यांत सर्वांगी झटके किती. त्याच २०१७ च्या मार्गदर्शनानुसार वर्षाला ३ किंवा जास्त सर्वांगी झटके असतील तर सुडेपचा धोका, झटके नसणाऱ्याच्या तुलनेत, १५ पटींच्या आसपास. स्वीडनच्या २०२० च्या देशव्यापी अभ्यासात सर्वांगी झटके असणाऱ्यांना २७ पट, आणि सर्वांगी झटके असून एकटं राहणाऱ्यांना ६७ पट धोका दिसला. नुसती नजर एका जागी खिळणं किंवा हात थरथरणं असलेल्यांत धोका तेवढा नसतो. म्हणून प्रत्येक भेटीत 'फिट आली का' एवढं विचारून भागत नाही. कोणती, कधी, झोपेत की जागेपणी, हे विचारा. घरच्यांना सकाळी ओली चादर, चावलेली जीभ, अंग दुखणं दिसलं तर तो रात्रीचा न पाहिलेला झटका धरून वहीत लिहायला सांगा.

ज्यांच्या नावापुढे ३ किंवा जास्त आलं, त्यांची वेगळी यादी करा आणि ती टेबलाच्या काचेखाली ठेवा. त्यांच्या गोळ्यांचा डोस वजनाप्रमाणे पुरा आहे का, हे आधी बघा. आमच्याकडे पाठवलेल्या 'कशानेच थांबत नाही' अशा रुग्णांपैकी पुष्कळांचा डोस अर्धाच निघतो. २०११ च्या एका विश्लेषणात, आटोक्यात न येणाऱ्या मिरगीत परिणामकारक जादा औषध मिळालेल्या रुग्णांत सुडेप, खोटी गोळी मिळालेल्यांपेक्षा सात पटींहून कमी आढळला. सुडेप टाळण्याचं आपल्या हातातलं सर्वांत जोरकस साधन म्हणजे साधी नियमित गोळी, आणि केंद्रातला साठा संपू न देणं हे त्याच कामाचा भाग आहे. दोन योग्य औषधं पुऱ्या डोसने देऊनही झटके चालू असतील तर वाट पाहू नका, शस्त्रक्रियेच्या विचारासाठी पुढे पाठवा. नवरात्रातले उपवास, लग्नसराईतली जागरणं, रोजे, परीक्षेच्या रात्री, या काळात गोळी कशी घ्यायची हे आधीच सांगून ठेवा. उपवास सोडायला सांगण्यापेक्षा गोळीची वेळ बदलून देणं जास्त चालतं.

रात्रीच्या सोबतीचं काय? २००५ च्या ब्रिटिश अभ्यासात खोलीत दुसरं माणूस झोपत असेल तर धोका कमी दिसला, आणि मधूनमधून उठून पाहणं किंवा आवाज ऐकणारं यंत्र असेल तर आणखी कमी. आपल्या घरांत बहुतेकदा दुसरं माणूस असतंच, त्यामुळे हा सल्ला इथे फुकट अमलात येतो. अपवाद दोन. शिकायला नागपुरात येऊन पीजीत एकटी राहणारी मुलं, आणि एप्रिल-मे. कूलरच्या आवाजात झटक्याचा सुरुवातीचा तो घोगरा आवाज शेजारच्या खाटेवरही ऐकू येत नाही. उन्हाळ्यात खाट अशी लावा की सोबतच्या माणसाचा हात पोचेल. पीजीतल्या मुलाला खोलीतल्या एका मित्राला तरी सांगायला राजी करा. लपवण्यामागची भीती खरी आहे, पण ती रात्र एकट्याने काढायला लावते.

झटका आला तर घरच्यांनी काय करायचं, हे सांगताना आपण चप्पल, कांदा, तोंडात चमचा हे 'करू नका' सांगण्यातच वेळ घालवतो. मॉर्टेमसने शिकवलेलं वेगळं आहे: झटका थांबल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं सर्वांत महत्त्वाची. झटका थांबला की लगेच कुशीवर वळवा, तोंड-नाक मोकळं ठेवा, हाक मारत, हलवत राहा, छाती हलते का ते बघा, आणि तो नीट उत्तर देईपर्यंत उठून जाऊ नका. 'झोपला आता, झोपू द्या' म्हणून दिवा मालवणं इथे धोक्याचं आहे. छाती हलत नसेल तर छाती दाबायला सुरुवात आणि १०८ ला फोन.

मनगटावरच्या घड्याळांबद्दल आणि गादीखालच्या सेन्सरबद्दल घरचे विचारतात, विशेषतः मुलगा परदेशात असेल तर. काही यंत्रं सर्वांगी झटका बऱ्यापैकी ओळखतात आणि फोन करतात. त्यांनी मृत्यू टळतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. फोन वाजल्यावर धावत येणारं माणूस घरात असेल तरच त्याचा उपयोग. परवडत असेल तर घ्या म्हणतो, कर्ज काढून नको.

सुडेपचं रुग्णाला सांगायचं की नाही, यावर आपल्या व्यवसायात अजून चलबिचल आहे. मी सांगतो, मात्र पहिल्याच भेटीत नाही आणि उपायांशिवाय कधीच नाही. "हजारात नऊशे नव्व्याण्णव जणांना वर्षभरात असं काही होत नाही. तुम्ही त्या एकात येऊ नये म्हणून या गोष्टी करायच्या." एवढंच वाक्य. ते ऐकल्यावर गोळ्या चुकवणारा तरुण जास्त ऐकतो, हा माझा अनुभव आहे. घाबरून उपचार सोडणारे मी फारसे पाहिले नाहीत.

आता तुमच्या त्या घराकडे परत. गावच्या डॉक्टरांनी लिहिलेलं कारण निबंधकाकडे अर्ज करून दुरुस्त होऊ शकतं, १५ व्या कलमात तशी सोय आहे. पण घरच्यांना विम्यासाठी गरज नसेल तर त्यांना त्या फेऱ्यांत ढकलू नका. तुमच्या वहीत 'संभाव्य सुडेप' असं नीट लिहा, ते पुरेसं आहे. आईला स्पष्ट सांगा की रात्री उठून पाहिलं असतं तरी नक्की वाचला असता असं कोणी म्हणू शकत नाही. आणि त्याचे सख्खे भाऊ-बहीण असतील तर त्यांचा एक साधा ईसीजी करून घ्या, क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) स्वतः मोजा. मिरगी म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेणारा एखादा रुग्ण प्रत्यक्षात हृदयाच्या लयीच्या आनुवंशिक आजाराचा निघतो, आणि पीएम झालेलं नसताना ते कळायची तुमच्याकडे आता तेवढीच वाट उरली आहे. त्याचा स्वतःचा जुना ईसीजी फाइलमध्ये सापडला तर तोही पुन्हा बघा, आणि शंका वाटली तर दोन्ही पट्ट्यांचे फोटो मला पाठवा.